सेमाडोहच्या पाटीवरचा हरवलेला ठिपका

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या एसटीत एकदा माझ्या शेजारी परप्रांतातला एक तरुण पर्यटक बसला होता. हातात इंग्रजी नकाशा होता. "सेमादोह किती वेळात येईल?" त्याने विचारले. मी सवयीने 'सेमाडोह' म्हणालो. तो नकाशावर बोट ठेवून नम्रपणे म्हणाला, "इथे तर 'दोह' आहे." त्याचे काही चुकले नव्हते. इंग्रजी 'डी' हे एकच अक्षर आपल्या 'ड'लाही लागते आणि 'द'लाही. सिपना नदीकाठच्या त्या गावाच्या नावात मराठी कानाला जो 'डोह' ऐकू येतो, तो रोमन लिपीत कोरडा पडतो. गाव ज्या मुलखात आहे त्या मेळघाटाची तीच गत. रोमनमध्ये 'ळ'चा 'एल' झाला आणि हिंदी वर्तमानपत्रांत तो 'मेलघाट' होऊन परत आला.

हा प्रसंग मी विसरूनही गेलो असतो. पण त्या दिवशी माझ्या पिशवीत एक वही होती आणि तिच्यात अशाच ठिपक्यांनी, रेघांनी आणि फराट्यांनी भरलेली रोमन अक्षरे होती. परतवाड्याला मराठीचे अध्यापन करीत असताना, सुटीत सेमाडोह आणि आसपासच्या ढाण्यांवर जाऊन कोरकू शब्द टिपण्याचा छंद मला लागला होता. त्या वहीचे पुढे जे झाले, त्यातून मला या चिन्हांचा इतिहास शोधावा लागला. हा लेख त्या शोधाचा आहे.

वहीतली अक्षरे

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी आणि मुंडारीची बहीण. त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडे राहिलेली भाषा. २०११च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे ७ लाख २७ हजारांहून अधिक लोक होते, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून 'कोरकू' म्हणजे माणसे. मराठीतून केव्हाच गेलेले द्विवचन कोरकूत जिवंत आहे. त्याचा प्रत्यय 'किङ्'. यातला शेवटचा 'ङ' आपण पहिलीत घोकतो आणि आयुष्यभर वापरीत नाही. कोरकूत तो शब्दाच्या टोकाला ठणठणीत वाजतो.

यापलीकडे कोरकूत एक गोष्ट आहे, जी मराठी कानाला सुरुवातीला ऐकूच येत नाही. काही अक्षरांवर आवाज खाली उतरतो. शिकागो विद्यापीठाचे नॉर्मन झाइड यांनी १९६०च्या दशकात कोरकूच्या या निम्न सुराचा शास्त्रशुद्ध विचार मांडला. मुंडा भाषांत सुराचा असा भेद सहसा आढळत नाही, म्हणून भाषाभ्यासकांना त्याचे अप्रूप. बोलणाऱ्याला अप्रूप नाही. आवाज उतरला नाही तर शब्द चुकला, एवढेच त्याला कळते.

देवनागरीत हा सूर कसा दाखवायचा, हे मला ठाऊक नव्हते. म्हणून भाषाविज्ञानाच्या पुस्तकांतली रीत उचलून मी कोरकू शब्द रोमनमध्ये लिहू लागलो. सूर उतरतो त्या स्वराच्या डोक्यावर डावीकडून उजवीकडे उतरणारा फराटा. दीर्घ स्वरावर आडवी रेघ. ट, ड, ण यांच्यासाठी अक्षराखाली ठिपका. 'ङ'साठी शेपूट वळवलेला 'एन'. वहीत हे सारे पेनने सुखाने होत होते.

ठिपके आले कोठून

रोमन अक्षरांत आपले ध्वनी बसवण्याची खटपट जुनी आहे. त्यातला एक फार महत्त्वाचा प्रयत्न मराठीचाच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. भाषा मराठी, ओवी मराठी, अक्षरे पोर्तुगीज. गोव्यातल्या रोमी कोंकणीत आजही मूर्धन्य ध्वनीसाठी अक्षर दोनदा लिहिण्याची रीत आहे. 'ड'साठी दोन 'डी', 'ळ'साठी दोन 'एल'. नाकातल्या उच्चारासाठी स्वरावर पोर्तुगीज धाटणीची नागमोडी रेघ. नवा खिळा न पाडता, आहे त्यातच भागवण्याची ही युक्ती होती.

इंग्रजांनी वेगळा मार्ग धरला. विल्यम जोन्स यांनी १७८८ साली 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात आशियाई शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत यावर प्रबंध लिहिला आणि दीर्घ स्वरांवर फराटे दिले. पुढे सरकारी कामासाठी विल्यम विल्सन हंटर यांनी सुटसुटीत पद्धत बसवली आणि १८७२च्या सुमारास ती सरकारने स्वीकारली. हंटर यांनी स्वरांची लांबी दाखवली, पण त आणि ट, द आणि ड यांतला भेद सोडून दिला. कारकुनाला ठिपके देत बसायला वेळ नव्हता, हे उघड आहे. पुढे टपाल, रेल्वे आणि महसुलाच्या कागदांवर स्वरांवरचे फराटेही गळाले. सेमाडोहचा ठिपका सरकारी रोमनमध्ये कधी उमटलाच नाही. तो असायला हवा असे त्या पद्धतीला वाटलेच नव्हते.

विद्वानांची पद्धत वेगळी राहिली. १८९४ साली जिनिव्हा येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत संस्कृतसाठी ठिपके-रेघांची एक सर्वमान्य रीत ठरली. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. मुंडा आणि द्राविडी भाषांचा हा खंड नॉर्वेचे स्टेन कोनो यांनी सिद्ध केला, आणि त्यात आपली कोरकू 'कूरकू' या नावाने, दोन्ही 'यू'वर आडव्या रेघा घेऊन उभी आहे. त्याआधी, १९०३ साली, मिशनरी जॉन ड्रेक यांचे कुरकू व्याकरण कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन प्रेसमध्ये छापले गेले होते. मेळघाटच्या डोंगरातली भाषा छापायला कलकत्ता गाठावे लागले. पौर्वात्य लिप्यांचे आणि चिन्हांकित अक्षरांचे खिळे अशाच मोजक्या छापखान्यांत असत. चिन्हासाठी खिळा हवा, खिळ्यासाठी पेटीत खण हवा. खण नसेल तर चिन्ह नाही. संगणकाच्या काळातही हा नियम तसाच राहिला, फक्त खणांना क्रमांक मिळाले.

एकशे अठ्ठावीस खण

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' नावाच्या तक्त्याने ठरवले. त्यात जागा १२८. त्यांतही ३३ जागा यंत्राच्या सूचनांना गेल्या. उरलेल्या जागांत इंग्रजीची अक्षरे, अंक, विरामचिन्हे. इंग्रजीला फराट्यांची फारशी गरज नाही, म्हणून फराट्याची अक्षरे नाहीत.

तरीही एक चोरवाट ठेवलेली होती. आपल्या कीबोर्डवर '१'च्या डाव्या बाजूला एका कळीवर एकटाच तिरका फराटा असतो. अमरावतीच्या झेरॉक्सच्या दुकानापासून तहसील कचेरीपर्यंत प्रत्येक कीबोर्डवर तो आहे आणि बहुतेकांनी त्याला कधी बोट लावलेले नसते. १९६७च्या सुधारित तक्त्यात त्याला ९६ क्रमांक मिळाला. अक्षर टाइप करायचे, एक घर मागे यायचे आणि त्याच्यावर फराटा मारायचा, अशी ती कल्पना होती. खालची आडवी रेघ, जिला आपण 'अंडरस्कोर' म्हणतो, तिचेही काम असेच होते. तिचा क्रमांक ९५. कागदावर हे जमते, कारण एकावर एक शाई बसते. पडद्यावर मागे येऊन दुसरे चिन्ह मारले की पहिले पुसले जाते. टंकयंत्रे गेली आणि फराटा आपल्या कळीवर एकटाच राहिला.

युरोपीय टंकयंत्रांत आणखी एक सोय होती: दाबल्यावर गाडी पुढे न सरकवणारी कळ. आधी फराटा उमटवायचा, मग अक्षर; दोन्ही एकाच घरात पडतात. मराठी टंकलेखन शिकलेल्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्या टंकयंत्रांवर काही मात्रा आणि उकार अशाच न सरकणाऱ्या कळींवर असत.

१९८७ साली तक्ता दुप्पट करून, म्हणजे २५६ जागांचा करून, पश्चिम युरोपच्या भाषांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आले. फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज, स्पॅनिश यांची चिन्हांकित अक्षरे त्यात बसली. निम्न सुराचा माझा फराटेवाला 'ए' त्यात २२४व्या जागी होता. फ्रेंचांना तो लागतो म्हणून. विंडोजमध्ये ऑल्ट कळ दाबून धरून आकड्यांच्या कळींवर ०२२४ टाइप केले की तो उमटतो. पण खाली ठिपका असलेला 'डी' कोणत्याही पश्चिम युरोपीय भाषेला लागत नाही. म्हणून तो नव्हता.

दोघांचा एकच खण

इथे आपल्या दिवाळी अंकांचा संबंध येतो. १९९०च्या दशकात मराठी छपाई खिळ्यांवरून डीटीपीवर आली. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सरकारी मानक १९८८ पासून होते, १९९१ साली ते सुधारून पक्के झाले आणि पुण्याच्या सी-डॅकने त्यावर मोलाचे काम केले. पण डीटीपीच्या परदेशी प्रणालींना देवनागरी ठाऊक नव्हती. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी तोडगा काढला. संगणकाला वाटू द्यायचे की मजकूर रोमनच आहे. फक्त त्या आकड्यांवर चित्रे देवनागरीची ठेवायची. मराठीला जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, काना-मात्रा धरून शे-दोनशे तुकडे लागतात. साधी रोमन अक्षरे पुरेनात, म्हणून फ्रेंच-जर्मन फराटेवाल्या अक्षरांचे खणही मराठीने व्यापले.

ज्यांनी जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली आहे, त्यांना हे दृश्य आठवेल. डोक्यावर दोन टिंबे घेतलेले 'ओ' आणि 'यू', जर्मन दुहेरी 'एस', तुटके फराटे. आपण त्याला कचरा म्हणतो. तो कचरा नसतो. ती आपली कविता असते, तिच्या खणांच्या मूळ मालकांच्या वेषात.

माझी वही नेमकी या कोंडीत सापडली. शब्दसूचीची एक छोटी पुस्तिका छापायचे ठरले. मजकूर मराठी, कोरकू शब्द चिन्हांकित रोमन. डीटीपी करणाऱ्या मुलाने शब्द जुळवले, फराटे दिले, ठिपके नंतर हाताने देऊ म्हणाला. मग शेवटच्या रात्री त्याने पूर्ण पान निवडून मराठी फॉन्ट लावला. सगळे कोरकू शब्द वेलांट्या-रफारांच्या भुग्यात बदलले. आकडे तेच होते. चित्रे बदलली होती. फॉन्ट परत बदलला असता तर सारे जागेवर आले असते. ते त्याला सुचले नाही. त्याने घाईने शब्द पुन्हा टाइप केले, साध्या इंग्रजी अक्षरांत. मीही प्रूफ नीट पाहिले नाही. पुस्तिका छापून आली तेव्हा तिच्यात एकही फराटा नव्हता.

ती घेऊन मी सेमाडोहला गेलो. ज्या वृद्ध बाबांनी मला निम्मे शब्द सांगितले होते, त्यांना अंगणात बसून वाचून दाखवू लागलो. वही सोबत नव्हती; छापले होते तसे वाचत गेलो. तीन-चार शब्दांनंतर बाबा हसले. "हे तं आमचं नाही, गुरुजी. हे लिवलं कोनं?"

मी म्हणालो, "बाबा, तुम्हीच सांगितलं होतं."

"म्या सांगतलं ते असं नव्हतं."

ते बरोबर होते. कागदावरून फराटा गेला तसा माझ्या तोंडातूनही सूर गेला होता.

बाराखडीची कल्पना

'युनिकोड'ची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. जगातल्या प्रत्येक लिपीला स्वतःचे खण, कुणी कुणाच्या जागेत राहायचे नाही, हे तिचे तत्त्व. देवनागरीला पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली. 'ड' २३३७ आणि 'द' २३४२. ठिपकेवाल्या 'डी'लाही स्वतःचा क्रमांक मिळाला, ७६९३. 'ण'साठीचा 'एन' ७७५१, 'ळ'साठीचा 'एल' ७७३५.

या 'एल'ची एक गंमत सांगायला हवी. संस्कृत पंडितांच्या रीतीत खाली ठिपका असलेला 'एल' हा 'ऌ' या जवळजवळ न वापरल्या जाणाऱ्या स्वराचा होता. २००१ साली भारतीय लिप्यांच्या रोमन लिप्यंतराचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, तेव्हा ठिपका 'ळ'ला देऊन 'ऌ'साठी खाली छोटे वर्तुळ ठेवले गेले. मेळघाट, वऱ्हाडी मोकळेपणा, डाळ-पोळी यांच्या वाट्याला ठिपका अधिकृतपणे आला तो असा.

पण युनिकोडमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट दुसरीच आहे. प्रत्येक चिन्हांकित अक्षराला वेगळा खण देण्याऐवजी नुसत्या चिन्हालाही खण देता येतो: उतरता फराटा ७६८, आडवी रेघ ७७२, खालचा ठिपका ८०३. आधी अक्षर, मागोमाग चिन्ह, आणि पडद्यावर दोघे एकत्र. इंग्रजी माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागते. आपल्याला ती बाराखडीत शिकवलेली असते. 'क'ला काना 'का', 'क'ला वेलांटी 'की'. युनिकोडमध्ये 'का' हे एक अक्षर नाहीच. 'क' आणि काना असे दोन आकडे आहेत.

यातून नवा घोळही झाला. फराटेवाला 'ए' आता दोन रीतींनी लिहिता येतो: एकसंध २२४, किंवा साधा 'ए' ९७ आणि मागून फराटा ७६८. डोळ्याला दोन्ही सारखे. युनिकोडही त्यांना समान मानते, पण शोध घेणाऱ्या प्रणालीने दोन्ही रूपे आधी एकसारखी करून घेतली नाहीत तर तिला ते वेगळे शब्द वाटतात. माझी सूची मी दोन संगणकांवर टाइप केली होती. मोजणी केली तेव्हा शब्द अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले. आनंद एक संध्याकाळ टिकला. एकच शब्द दोनदा मोजला गेला होता.

दुसरा घोळ अधिक घातक. युनिकोडचे आकडे साठवण्याची आज रूढ असलेली रीत १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी तयार केली. तिच्यात २२४ हा क्रमांक दोन तुकड्यांत साठतो, १९५ आणि १६०. अशी फाइल कुणी जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्याने उघडली तर १९५व्या खणात काय आहे? डोक्यावर नागमोडी रेघ असलेला मोठा 'ए'. आणि १६०व्या खणात? एक कोरी, न दिसणारी जागा. भाषाविज्ञानात नागमोडी रेघ म्हणजे अनुनासिक. म्हणजे बाबांनी सूर उतरवून म्हटलेला स्वर कागदावर नाकातला होतो आणि त्यापुढे शब्दच तुटतो. यंत्र यात कुठेही थांबत नाही, कुठेही तक्रार करीत नाही. चुकलेला शब्द बरोबर शब्दाइतक्याच रेखीवपणे उभा राहतो.

हे केवळ परक्यांच्या अक्षरांचे दुखणे नाही. आपल्या 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतःचा खण मिळायला २००८ साल उजाडले. तोवर 'ॲपल' आणि 'ॲड' आपण जोडतोड करून लिहीत होतो. सुमारे आठ कोटींच्या मराठीला एवढे थांबावे लागले, तर कोरकूचा सूर कुणाच्या ध्यानात राहणार?

खालची रेघ

कोरकू आज लिहिली जाते ती बहुतेक देवनागरीत. मुलांना तीच लिपी शाळेत मिळते. मग सूर देवनागरीतच का दाखवू नये, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. देवनागरीचा तक्ता खण-खण पाहताना २३८६ क्रमांकापाशी मी थांबलो. तिथे अनुदात्त आहे. ऋग्वेदाच्या पोथीत अक्षराखाली जी आडवी रेघ असते, ती. अर्थ तोच: इथे आवाज खाली. वेदपाठकांसाठी ठेवलेला खण कोरकूला हवा तसा तयार होता. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती.

मागच्या वर्षी सूची पुन्हा जुळवली. शब्द देवनागरीत, 'ङ' जिथल्या तिथे, निम्न सुराखाली रेघ. रोमन रूपही शेजारी ठेवले आहे, कारण ते जगातल्या अभ्यासकांना वाचता येते. बाबा आता नाहीत. त्यांच्या नातवाच्या हातात पाने दिली. तो दहावीला आहे.

"गुरुजी, ही खालची रेघ कायची?"

"तिथं आवाज खाली घे. तुझे आजोबा घेत तसा."

तो पहिल्या ओळीवर अडखळला. दुसरा शब्द त्याने अगदी बाबांसारखा म्हटला, मग मागे जाऊन पहिला दुरुस्त केला. आतून त्याच्या आईने ऐकले आणि दोन ठिकाणी रेघ चुकीच्या अक्षराखाली पडल्याचे सांगितले. मी पेनने तिथेच खुणा केल्या.

परत आल्यावर आठवड्याभरात त्याचा मोबाइलवर निरोप आला, मी विसरलेल्या सहा शब्दांचा. त्याच्या मोबाइलच्या कीबोर्डवर अनुदात्त नाही. तेव्हा जिथे सूर उतरतो त्या अक्षरामागे त्याने अंडरस्कोर टाकला होता. क्रमांक ९५, अक्षराखाली रेघ ओढण्यासाठीच तक्त्यात ठेवलेला. हे त्याला कुणी सांगितले नव्हते. मी ते सहा शब्द सूचीत घेतले आणि अंडरस्कोरच्या जागी अनुदात्त लावला. आता त्याच्यासाठी असा कीबोर्ड शोधतो आहे, ज्यावर ही एक कळ असेल.